आळ पोरावर, दोष पट्टीचा



एका वाचक ताईंनी या सदराकडे पत्र पाठवले आहे. त्या लिहितात, "भिशी उचलून मुलीच्या अभ्यासासाठी जुना कॉम्प्युटर घेतला. चार महिने बरा चालला. आता काम करताना एकदम पडदा निळा होतो, इंग्रजीत काहीतरी लिहून येते आणि मशीन आपोआप बंद होऊन परत चालू होते. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारले, दोनदा पैसे घेतले. आता म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. मुलीचे वडील म्हणतात, हिनेच काहीतरी दाबून बिघडवले. काय करावे?"

हे पत्र वाचून आम्ही थोडे खजील झालो. त्याचे कारण आधी सांगतो, उत्तर मागाहून देतो.

आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका आहे. घराघरांतून वर्गणी काढून तेथे दोन जुने कॉम्प्युटर घेतले. स्पर्धा परीक्षा देणारी मुले तेथे बसतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, नोकरीच्या जाहिराती पाहतात. २०२४ च्या पावसाळ्यात त्यातला एक कॉम्प्युटर आजारी पडला. कधी वीस मिनिटांत, कधी दोन तासांत पडदा निळा व्हायचा. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या पानावर असताना सगळे गेले. मुदतीला दोन दिवस राहिले होते. बिचारी रडवेली झाली.

मग कमिटीची बैठक बसली. बैठक बसली म्हणजे कोणीतरी दोषी सापडलाच पाहिजे, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. बारावीतला एक मुलगा रोज संध्याकाळी त्या मशीनवर बसायचा आणि त्याच्याजवळ पेनड्राइव्ह असायचा. झाले. "त्यानेच गेम टाकला, त्यातून व्हायरस आला," असे ठरले. तो आमच्याकडे पाहून एवढेच म्हणाला, "काका, मी काही नाही केलं." आम्ही बी.कॉम. झालेले, वीस-बावीस वर्षे कारकुनी केलेली माणसे. पुराव्याशिवाय कागदावर सही करत नाही. पण त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. मुलगा अभ्यासिकेत यायचा बंद झाला.

मशीन दुकानात गेले. फॉरमॅट झाले, पैसे दिले. आठ दिवसांत पुन्हा तेच. परत दुकानात, परत फॉरमॅट. दुसऱ्या वेळी तर विंडोज भरतानाच मशीन दोनदा अडकले. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला, साडेसात हजार होतील. एवढे पैसे म्हणजे पुन्हा वर्गणी.

आमच्या कचेरीत कॉम्प्युटर पाहणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांच्या कानावर ही गोष्ट घातली तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "भाऊ, मेमरी तपासली का?" आम्ही म्हटले, "मेमरी भरलेली नाही, भरपूर जागा आहे." त्या हसल्या. तेव्हा कळले की आम्हाला मेमरी म्हणजे काय हेच नीट ठाऊक नव्हते. बहुतेक घरांत हाच घोळ आहे म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवायच्या दोन जागा असतात. एक डिस्क. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी राहते. फोटो, अर्ज, चिठ्ठ्या, सगळे तेथे. दुसरी रॅम, तिलाच मेमरी म्हणतात. चालू काम तेवढ्यापुरते ज्यात मांडलेले असते ती ही जागा. हिरव्या किंवा काळ्या रंगाची, बोटाएवढ्या रुंदीची एक पट्टी असते, तिच्यावर काळ्या चौकोनी चिप आणि खालच्या काठाला सोनेरी दात. मदरबोर्डवरच्या खाचेत ती उभी बसवलेली असते. लॅपटॉपमधली पट्टी लांबीला जवळजवळ अर्धी असते आणि आडवी बसते.

या पट्टीवरचे लिखाण कसे असते? लहानपणी उन्हाने तापलेल्या फरशीवर ओल्या बोटाने नाव लिहिले असेल. लिहून होईपर्यंत पहिले अक्षर वाळू लागते. नाव टिकवायचे तर तेच ते पुन्हा गिरवत राहावे लागते. मेमरीचे हुबेहूब तसेच आहे. तिच्यात अतिसूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यात विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळे कप्पे वाचून पुन्हा भरले जातात. एका कप्प्याला एकच ट्रान्झिस्टर पुरेल ही युक्ती आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली आणि १९६८ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. आजही घरोघरीच्या कॉम्प्युटरात आणि मोबाइलमध्ये तीच युक्ती चालते. पट्टी तापली की भार लवकर गळतो, म्हणून ८५ अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर गिरवण्याचा वेग दुप्पट करावा लागतो. धुळीने पंखा बसलेल्या मशीनची तब्येत उन्हाळ्यात का बिघडते, त्याचे एक कारण यात आहे.

आता हिशोब करा. ८ जीबीच्या मेमरीत असे कप्पे किती? ६,८७१ कोटींहून अधिक. यातला एक कप्पा दुबळा निघाला, म्हणजे गिरवण्याची पाळी येण्याआधीच वाळून गेला, तर एकाचे शून्य होते. त्या जागी विंडोजचा स्वतःचा महत्त्वाचा मजकूर असेल तर ती पुढे जाण्यास नकार देते. तोच निळा पडदा. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा दिसू लागला आहे, तेव्हा रंगावर जाऊ नका.) त्या कप्प्यात तुमच्या एखाद्या फोटोचा तुकडा असेल तर पडदा निळा होत नाही. फोटोच अर्धा करडा होऊन बसतो. आणि तेथे काहीच नसेल तर मशीन दिवसभर सुरळीत चालते. म्हणूनच हा रोग कधी वीस मिनिटांत दिसतो तर कधी दोन तासांत, आणि म्हणूनच घरात एकमेकांवर आळ घ्यायला तो फार सोयीचा आहे. जो त्या वेळी बसलेला असतो तो चोर ठरतो.

निळा पडदा हा एका अर्थी प्रामाणिक म्हणायचा. निदान थांबतो. खरी भीती आहे ती न थांबता चुकीचे लिहिणाऱ्या मशीनची. बेल्जियम देशात १८ मे २००३ रोजी निवडणूक झाली. मतदान कॉम्प्युटरवर होते. ब्रुसेल्समधील स्कारबेक या भागात एका उमेदवाराला इतकी मते पडलेली दिसली की गणिताने तेवढी पडणे शक्यच नव्हते. फेरमोजणी केली तेव्हा नेमकी ४,०९६ मते जास्त निघाली. यंत्रात बिघाड सापडला नाही, कार्यक्रमात चूक सापडली नाही. शेवटी तज्ज्ञांनी अनुमान काढले की मेमरीतला एक कप्पा आपोआप उलटला असावा.

४,०९६ हाच आकडा का, हे हिशोबनीसाला लगेच पटेल. आम्ही कारकून मंडळी दिवसअखेर ताळा जमला नाही तर आधी फरकाला नऊने भागून पाहतो. भाग गेला तर समजावे की कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, ५४० चे ४५० लिहिले गेले आहेत. कॉम्प्युटरच्या चुकीचीही अशीच खूण असते. त्याच्या आकड्यात घरे असतात एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशी दुपटीने चढणारी. तेराव्या घराची किंमत ४,०९६. ते एक घर शून्याचे एक झाले की बरोबर तेवढीच मते वाढतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. माणूस चुकला असता तर असा गोल आकडा सहसा निघाला नसता.

कप्पा आपोआप का उलटतो, याचा शोधही मजेदार आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेल कंपनीच्या चिपमध्ये अशा चुका होऊ लागल्या. तेथील शास्त्रज्ञांना आढळले की चिप ज्या चिनी मातीच्या आवरणात बसवली जाते, त्या मातीतच किरणोत्सर्गी द्रव्याचे अंश आहेत. त्यातून निघणारे कण कप्प्यातला भार बिघडवत होते. पुढे आवरणाचे द्रव्य शुद्ध केले गेले. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळेही क्वचित असे होते. परंतु वाचकहो, "अंतराळातून किरण आला" असे म्हणून आपल्या घरच्या मशीनला सोडून देऊ नका. गूगल कंपनीच्या हजारो मशीनांचा अडीच वर्षे अभ्यास करून २००९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली, आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याचा संभव फार मोठा होता. म्हणजे बहुतेक दोष वाऱ्यावरून आलेले नव्हते, पट्टीतच मुरलेले होते. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये त्यासाठी ईसीसी नावाची मेमरी वापरतात. तिच्यात दर ६४ कप्प्यांमागे ८ कप्पे केवळ ताळ्यासाठी राखलेले असतात. एक चूक झाली तर ती जागच्या जागी दुरुस्त होते, दोन झाल्या तर निदान कळतात. आपल्या घरच्या स्वस्त मशीनमध्ये हा ताळा सहसा नसतो. गरिबाच्या वहीला ऑडिटर नाही, असेच म्हणा.

तेव्हा ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट, फॉरमॅट थांबवा. फॉरमॅटने डिस्क साफ होते, मेमरीचा दोष जागच्या जागी राहतो. उलट नादुरुस्त मेमरीवर विंडोज नव्याने भरली तर भरतानाच तिच्या फायली बिघडू शकतात. आमच्या अभ्यासिकेत दुसऱ्यांदा नेमके हेच झाले असणार. आणि दर फॉरमॅटला मुलीच्या नोट्स, फोटो पणाला लागतात ते वेगळेच.

दुसरी गोष्ट, मेमरी कमी पडणे आणि मेमरी बिघडणे यांतला फरक ओळखा. कमी पडली की मशीन रांगते, माउस अडखळतो, डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, एखादा प्रोग्राम "मेमरी संपली" म्हणून बंद पडतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीचा आलेख पाहा. सतत नव्वदीच्या वर असेल तर ब्राउझरच्या वीस-पंचवीस खिडक्या बंद करा, किंवा पट्टी वाढवा. वाढवण्याआधी विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची ते बघा. घरगुती ३२ बिटच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरता येत नाही आणि प्रत्यक्षात तेवढीही पुरती मिळत नाही. ८ जीबीची पट्टी घालून पैसे वाया घालवलेली घरे आम्ही पाहिली आहेत. पण तुमचे लक्षण रांगण्याचे नाही, धाडकन पडण्याचे आहे. ते बिघाडाकडे बोट दाखवते.

निळ्या पडद्यावर खाली एक नाव येते ते मुलीला वहीत उतरवायला सांगा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. "मेमरी मॅनेजमेंट" किंवा "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया" अशी नावे वरचेवर आली तर मेमरीवर संशय घ्यावा. दर वेळी वेगवेगळेच नाव येत असेल तर संशय अधिकच घ्यावा. एकच नाव आणि त्याबरोबर एकाच फाइलचे नाव येत असेल तर बहुधा एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, वायफाय वगैरे चालवणारा छोटा प्रोग्राम, दोषी असतो. मशीन चालूच होत नसेल आणि नुसते बीप-बीप वाजत असेल, तरीही पट्टी सैल झाली असण्याचा संभव मोठा. किती बीपचा काय अर्थ ते कंपनीप्रमाणे बदलते.

तिसरी गोष्ट, चाचणी. ही फुकट आहे आणि घरी होते. विंडोजची स्वतःची एक चाचणी आहे. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबावी, जी चौकट येते तीत एम-डी-एस-सी-एच-ई-डी ही इंग्रजी अक्षरे सलग लिहून एंटर मारावे. मशीन बंद होऊन चाचणी सुरू होते आणि नंतर निकाल सांगते. आमच्या मशीनला या चाचणीने "दोष नाही" असा दाखला दिला. आम्ही खूश झालो. मॅडम म्हणाल्या, "या परीक्षेत नापास झाली तर पट्टी नापास समजा. पास झाली तर मात्र अजून मोठी परीक्षा घ्या."

ती मोठी परीक्षा म्हणजे मेमटेस्ट ८६ प्लस. हा प्रोग्राम मोफत आहे. दुसऱ्या चांगल्या मशीनवर तो उतरवून पेनड्राइव्हवर भरायचा आणि बिघडलेले मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचे. पेनड्राइव्हवरचे जुने सगळे पुसले जाते, तेव्हा रिकामाच घ्या. काही मशीनांवर सिक्युअर बूट नावाची सोय तेवढ्यापुरती बंद करावी लागते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, नाही तर उंदीर पकडायला गेलो आणि घराची किल्ली हरवली, असे व्हायचे. या चाचणीत विंडोज चालू नसते, म्हणून जवळजवळ सगळी मेमरी तपासली जाते. प्रत्येक कप्प्यात वेगवेगळ्या नमुन्यांचे आकडे लिहून पुन्हा वाचले जातात. लिहिले एक आणि वाचले दुसरे, की लाल ओळ उमटते. रात्रभर चालू द्यावी. एकही लाल ओळ चालत नाही. "एकच तर चूक आहे" असे म्हणू नका. आमच्या कचेरीत एका रुपयाच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत बसवून ठेवतात, तोच कायदा येथे लावा.

आम्ही अभ्यासिकेत चटई टाकून बसलो. पहिली फेरी साफ. दुसरी फेरी साफ. बाहेर पाऊस, आत आमचा डोळा लागला. पहाटे उठून पाहतो तो पडद्यावर लाल ओळींची रांग लागलेली. कोणाचा गेम नाही, कोणाचा व्हायरस नाही. त्या प्रोग्रामात तर विंडोजही नव्हती, मग व्हायरस येणार कोठून? त्या लाल ओळी पाहताना आम्हाला त्या मुलाचा चेहरा आठवला.

सकाळी चहा न घेताच त्याच्या घरी गेलो. आई कामावर गेली होती, तो पाणी भरत होता. आम्ही म्हटले, "चूक आमची झाली. मशीन उघडायचे आहे, चल." तो लगेच काही बोलला नाही. दोन हंडे भरून होईपर्यंत त्याने आम्हाला दारात उभे ठेवले, आणि ते योग्यच केले.

पुढचे काम त्यानेच केले, ते जसे केले तसे सांगतो. मशीन बंद करून भिंतीतला प्लग काढला. चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सुटी करावी लागते. अंगातली स्थिर वीज चिपला मारक असते, म्हणून आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावला. टेरिकॉटचा शर्ट, नायलॉनची साडी, कोरडा गालिचा या वेळी टाळावा. खाचेच्या टोकाची खिटी बाजूला केली की पट्टी वर येते. तिला काठांनी धरायचे, सोनेरी दातांना बोट लावायचे नाही. दातांवर घामाचा, धुळीचा, दमट हवेचा थर बसतो. समुद्राकाठच्या वस्त्यांत तर बसतोच. स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. बरेच कारागीर खोडरबर घासतात. त्याने फरक पडतो हे खरे, पण दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि वरचेवर घासला तर निघून जातो. रबराचा चुरा खाचेत पडतो तो वेगळाच. घासायचेच असेल तर एकदाच, हलके, आणि चुरा झटकून. पट्टी परत बसवताना दोन्ही टोके सारखी दाबावीत, "टक्" असा आवाज आला पाहिजे. कित्येक मशीने एवढ्यानेच बरी होतात. दुकानात न्यायचीही गरज पडत नाही.

आमचे झाले नाही. पुसून बसवल्यावरही लाल ओळी आल्या. मग मुलाने वहीत चार चौकोन आखले. पट्ट्या दोन, खाचा दोन. एका वेळी एकच पट्टी, एकाच खाचेत, आणि दर वेळी चाचणी. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी नादुरुस्त. पट्टी बदलली तरी दोष त्याच खाचेत राहिला तर खाच, बोर्ड किंवा प्रोसेसरचा संशय. दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास आणि एकत्र नापास झाल्या तर त्यांची जोडी जमत नाही, किंवा बायोसमध्ये मेमरीचा वेग वाढवून ठेवलेला आहे, किंवा वीज पुरवणारा डबा थकला आहे. चार चाचण्यांना चार रात्री गेल्या. पहिली पट्टी दोन्ही खाचांत पास, दुसरी दोन्ही खाचांत नापास. निकाल लागला. मदरबोर्ड ठणठणीत होता.

नापास पट्टी बाजूला ठेवून उरलेल्या एका ४ जीबीच्या पट्टीवर मशीन पुन्हा चालू लागले. महिन्याभराने तशीच वापरलेली पट्टी सहाशे रुपयांत मिळाली आणि तीही आधी रात्रभर तपासूनच घेतली. साडेसात हजारांच्या जागी सहाशे.

पट्टी विकत घेताना एक काळजी घ्या. डीडीआर ३, डीडीआर ४, डीडीआर ५ या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. प्रत्येकीच्या दातांमधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवू नका, बोर्ड फुटेल. लॅपटॉपची डीडीआर ३ असेल तर अनेकदा ती कमी दाबाची, म्हणजे डीडीआर ३ एल लागते. सोपा उपाय म्हणजे जुनी पट्टी कागदात गुंडाळून बरोबर न्यावी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर एकदम चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांसाठी कंपन्यांनी माल तिकडे वळवला. तेव्हा जुना भाव धरून बसू नका, दोन-तीन दुकानांत विचारा. नव्या पट्टीला बऱ्याच कंपन्या लांब मुदतीची हमी देतात, पण बिल असेल तरच. बिल रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

एक राहिले. मुलीच्या महत्त्वाच्या फायली वाचवण्यासाठी बिघडलेल्या मशीनवरूनच घाईघाईने कॉपी करू नका. कॉपीही त्याच मेमरीतून जाते आणि वाटेत बिघडू शकते. दोन पट्ट्या असतील तर आधी पास पट्टी कोणती ते शोधा, तिच्यावर मशीन चालवा आणि मग कॉपी करा. किंवा डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडा. कॉपी केलेली प्रत्येक फाइल उघडून पाहा. आमच्या अभ्यासिकेचे काही फोटो घाईच्या कॉपीत गेले, अर्धे चेहरे आणि खाली करडा पट्टा.

आमचा तो मुलगा आता कॉलेजात आहे. दर तीन महिन्यांनी दोन्ही मशीनांची रात्रभराची परीक्षा तोच घेतो आणि निकाल तारखेनिशी वहीत लिहितो. नापास पट्टी आम्ही फेकणार होतो, ती त्याने मागून घेतली. अभ्यासिकेच्या कपाटात ती दोऱ्याने टांगलेली आहे.

ताई, तुमच्या मशीनमध्ये पट्टी एक आहे की दोन, तिच्यावर काय अक्षरे छापली आहेत, आणि निळ्या पडद्यावर कोणते नाव येते, एवढे आम्हाला उतरवून पाठवा. पुढचे आम्ही पत्राने कळवू. उतरवण्याचे काम मुलीलाच सांगा, आणि झाकण ती उघडत असताना तिच्या वडिलांना बॅटरी धरायला बसवा.